ध्वनीतील ऊब

ध्वनीतील ऊब ही ध्वनिमुद्रण व ध्वनिपुनरुत्पादन या क्षेत्रांत वापरली जाणारी वर्णनात्मक संज्ञा आहे. भरदार, मऊ आणि कानाला न टोचणाऱ्या आवाजास 'उबदार' म्हणतात. याउलट, खालच्या नादांचा भाग कमी असलेला आवाज 'पातळ' किंवा 'कोरडा' आणि वरच्या नादांचा अतिरेक असलेला आवाज 'कर्कश' मानला जातो. या गुणाला प्रमाणित एकक नाही. तथापि त्यामागील कारणे बऱ्याच अंशी मोजता येतात.

कारणे

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे नाद ऐकू येतात. यांपैकी सुमारे १०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा वरच्या पट्ट्यांच्या तुलनेत किंचित प्रबळ असला, की आवाज उबदार वाटतो. तो फार प्रबळ झाल्यास आवाज बोजड होतो व शब्द अस्पष्ट ऐकू येतात. आवाज लहान ठेवल्यास कानाला खालचे नाद तुलनेने कमी जाणवतात. त्यामुळे तेच ध्वनिमुद्रण हळू लावले असता पातळ वाटते.

तंबोऱ्याचे उदाहरण

मिरज येथे बनणारे तंबोरे प्रसिद्ध आहेत. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकासाठी जुळवलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ नाद सुमारे ६९ हर्ट्झ असतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट व पाचपट कंप्रतेचे नाद, म्हणजेच अधिस्वर, अनुक्रमे षड्ज, पंचम, षड्ज व गंधार हे असतात. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा नाद जवळजवळ बाहेर पडत नाही. अधिस्वरांवरून मेंदू मूळ स्वर ओळखतो, म्हणून खर्ज समजतो. परंतु त्याचा भरदारपणा उरत नाही.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर

ॲम्प्लिफायर मूळ ध्वनीत स्वतःचे काही अधिस्वर मिसळतो. यास विरूपण म्हणतात. व्हॉल्व्हच्या अनेक साध्या मंडलांत दुसरा अधिस्वर प्रमुख असतो. तो मूळ स्वराचाच वरच्या सप्तकातील स्वर असल्याने खटकत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर क्षमतेपेक्षा अधिक भार आल्यास ध्वनिलहरींची टोके एकदम कापली जातात आणि वरच्या क्रमांकाचे, कानाला टोचणारे अधिस्वर निर्माण होतात. मर्यादेत वापरलेल्या उत्तम ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचे विरूपण मात्र अत्यल्प असते. म्हणजेच ऊब ही अनेकदा मूळ ध्वनीत पडलेली भर असते.

जुनी ध्वनिमुद्रणे

जुने ध्वनिमुद्रण म्हणजे उबदार, हा समज सर्वस्वी खरा नाही. मिरजेत वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची १९०५ मधील ध्वनिमुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन झालेली आहेत. त्या पद्धतीत ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्झचाच पट्टा नोंदला जाई; खर्जाच्या तारेचा मूळ नाद त्याबाहेरच राही. १९२५ पासून मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले व हा पट्टा दोन्ही बाजूंनी रुंदावला. खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या या पद्धतीच्या आहेत. दोन्ही काळांतील मुद्रणांची तुलना करताना तंत्राबरोबरच गायकाच्या वयातील सुमारे तीस वर्षांचे अंतरही लक्षात घ्यावे लागते.

पुनःसंस्करणातील महत्त्व

जुन्या तबकडीची खरखर घालवण्यासाठी वरच्या कंप्रता कापल्यास आवाज उबदार वाटतो. परंतु त्याबरोबर 'स', 'श' यांसारख्या वर्णांची स्पष्टता व आवाजाची धारही कमी होते. एकदा पुसलेला हा भाग त्या प्रतीतून परत मिळत नाही. म्हणून ध्वनिसंग्रहात तबकडीची संस्कार न केलेली प्रत जतन करून सफाई दुसऱ्या प्रतीवर करणे योग्य मानले जाते. उबदारपणा ही श्रोत्याची आवड आहे, तर यथार्थता म्हणजे मूळ गायनाशी असलेली जवळीक; या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.