दुसरा डेंग्यू आणि अर्धवट ओळखीची प्रतिपिंडे

चातुर्मासात प्रवचनाच्या वेळेइतकीच हल्ली आणखी एक चौकशी घरोघरी ऐकू येते : “प्लेटलेट किती आल्या?” घरातील मूल डेंग्यूतून बरे झाले की वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. एकदा येऊन गेला, आता पुन्हा भीती नाही, असे त्यांना वाटते. गोवर किंवा कांजिण्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुधा बरोबर ठरतो. डेंग्यूच्या बाबतीत तो चुकतो. येथे दुसरे दुखणे पहिल्यापेक्षा अधिक घातक होऊ शकते आणि त्याला हातभार लावतात ती शरीराने स्वतःच्या रक्षणासाठीच घडविलेली प्रतिपिंडे.

प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे प्रथिन असते. त्याचे दोन हात विषाणूला पकडतात. पुरेशा संख्येने आणि घट्ट पकडले, तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. डासांमार्फत पसरणाऱ्या पीतज्वरावर १९३० च्या दशकात तयार झालेली लस याच बळावर आजही एका मात्रेत बहुतेकांना आयुष्यभराचे संरक्षण देते.

डेंग्यूचा विषाणू मात्र एक नाही. त्याचे चार उपप्रकार आहेत. दिसायला भावंडांसारखे, पण वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ आल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत आढळले, की ज्या प्रकाराची लागण झाली त्याच्याविरुद्धचे संरक्षण दीर्घकाळ टिकते. दुसऱ्या प्रकाराविरुद्धचे मात्र दोन-तीन महिन्यांत ओसरते. ओसरल्यावर जे उरते, तेथेच खरी अडचण आहे.

पहिल्या दुखण्यातील प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला ओळखतात, पण अर्धवट. ती त्याला चिकटतात. निष्प्रभ करू शकत नाहीत. आता ‘वाय’चे खालचे टोक आपले नेहमीचे काम करते : ते रक्तातील भक्षक पेशींना खुणावते, आणि त्या पेशी प्रतिपिंडासह विषाणूला आत घेतात. डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींमध्ये. पेढीवरील पहारेकऱ्याने चोराला जुन्या ओळखीचा समजून स्वतःच तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडावे, तसा हा प्रकार.

१९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करणाऱ्या स्कॉट हॉल्स्टेड यांना गंभीर डेंग्यूचे रुग्ण मुख्यतः दोन गटांत दिसले : दुसऱ्यांदा लागण झालेली मुले, आणि पहिल्यांदाच लागण झालेली, वर्षाच्या आतील तान्ही बाळे. तान्ह्यांचे कोडे आईच्या रक्तात सुटले. पूर्वी डेंग्यू झालेल्या आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. आरंभीचे काही महिने ती त्याला जपतात. पुढे त्यांचे प्रमाण घटते आणि मधला एक काळ असा येतो, की ती रक्षणाला अपुरी, पण विषाणूला आत नेण्यास पुरेशी असतात. क्युबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची; या दुसऱ्या साथीत १५८ जण दगावले, त्यांतील १०१ मुले होती. पुढे निकाराग्वातील मुलांच्या रक्तनमुन्यांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये हे आकड्यांत सिद्ध झाले : भरपूर प्रतिपिंडे असलेली मुले सुरक्षित, मुळीच नसलेली मध्यम धोक्यात, आणि सर्वाधिक धोका मधल्या पातळीवरील मुलांना.

लस म्हणजे रोगावाचून प्रतिपिंडे. ती अर्धवट निघाली तर? याचे उत्तर फिलिपिन्सने फार महागात घेतले. सनोफी कंपनीची ‘डेंगव्हॅक्सिया’ ही लस एप्रिल २०१६ पासून तेथे शाळाशाळांतून देण्यात आली; आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लसीनंतर लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा संभव अधिक आहे. अशा मुलांच्या शरीराने लसीलाच पहिला डेंग्यू मानले होते. नंतर डास चावला तो त्यांच्यापुरता दुसरा. ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेला होता, त्यांना मात्र तीच लस उपकारक होती. मोहीम थांबली. मृत्यूंना लस कितपत जबाबदार, हा वाद न्यायालयात गेला. त्याहून मोठे नुकसान विश्वासाचे झाले. पालक इतर लसींनाही कचरू लागले आणि २०१९ मध्ये तेथे गोवराची मोठी साथ उसळली. व्यापारात पत गेली की खरा माल घेऊनही गिऱ्हाईक परतत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

चारही प्रकारांना घट्ट धरणारी प्रतिपिंडे असतात का? असतात. विषाणूच्या कवचावर एका प्रथिनाचे १८० रेणू जोडीजोडीने आडवे पसरलेले असतात. २०१५ मध्ये लंडनमधील गॅव्हिन स्क्रीटन यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातून अशी प्रतिपिंडे वेगळी केली, की जी जोडीतील दोन रेणूंच्या सांध्यावरच बसतात. हा सांधा चारही प्रकारांत जवळजवळ सारखा असल्याने ती चौघांनाही निष्प्रभ करतात. त्यामुळे नुसती प्रतिपिंडे निर्माण करणे पुरत नाही, ती कोठे धरतात हेही पाहावे, असा विचार लसरचनेत रुजला.

पुढच्या लसी अधिक सावध आहेत, तरी निर्दोष नाहीत. जपानच्या टाकेडा कंपनीची ‘क्यूडेंगा’ जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यूचा प्रादुर्भाव तीव्र असलेल्या भागांतील ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी सुचविली आहे. मात्र पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत तिसऱ्या प्रकाराविरुद्ध तिचा लाभ दिसलेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दुर्बल केलेल्या विषाणूंपासून ब्राझीलच्या बुटांटन संस्थेने एका मात्रेची लस सिद्ध केली. तेच विषाणू भारतातील तीन कंपन्यांनाही मिळाले. त्यांपैकी पॅनेशिया बायोटेकच्या ‘डेंगीऑल’ची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली. १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १९ केंद्रांवर १०,३३५ निरोगी प्रौढांचा त्यात समावेश ठरला, आणि प्रत्येकावर दोन वर्षे लक्ष ठेवण्याची योजना आखली गेली. ही दोन वर्षे दिरंगाई नव्हे. लशीचा दोष असलाच तर तो पुढच्या पावसाळ्यातच उघड होतो.

घरापुरते पाहता, जुने वहीखाते जपावे तसा डेंग्यूच्या तपासणीचा कागद जपणे उपयोगाचे. त्यात ‘आयजीजी’ लवकरच जास्त आढळले, तर ही लागण दुसरी असण्याची शक्यता असते आणि डॉक्टर अधिक सावध होतात. ताप उतरू लागला म्हणजे संकट टळले, असेही नव्हे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, ताप उतरतानाच, पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची मरगळ दिसली तर विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. अॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन या काळात वर्ज्य.

हा डास दिवसा चावतो आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी गाळून, झाकून ठेवण्याची आणि आठवड्याला भांडे कोरडे करून घासण्याची जी सवय जैन घरांत जयणेच्या भावनेने चालत आली आहे, ती येथे दुहेरी कामाची : जो चतुरिंद्रिय जीव जन्मासच आला नाही, त्याला मारण्याचा प्रश्नही उरत नाही. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचे ताट, दुकानाच्या गच्चीवर टाकून दिलेले डबे आणि गोदामाबाहेरची ताडपत्री मात्र या सवयीतून हमखास सुटतात.