लघवीची नळी लावलेल्या पेशंटची काळजी

मागे आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांना बघायला आम्ही हॉस्पिटलात गेलो होतो. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एक्स-रेला नेताना मुलाने लघवीची पिशवी उचलून त्यांच्या पोटावर ठेवली, खाली ओढली जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच होता. पण अशाने पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते. पुढे चाचांना थंडी वाजून ताप आला आणि लघवीचं इन्फेक्शन निघालं. पिशवीमुळेच झालं असं आम्ही म्हणणार नाही, पण नळी हे मोठं कारण असतंच.

एरवी लघवी आतले जंतू धुवून बाहेर काढत असते. नळी घातली की तिच्या आतून-बाहेरून जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषधही नीट पोहोचत नाही. नळी राहिली तर इन्फेक्शनचा धोका दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के असतो. म्हणून रोज सकाळी राऊंडला विचारा, "डॉक्टरसाहेब, नळीची अजून गरज आहे का?" यात बेअदबी काही नाही. चादर ओली होते, उठवायला त्रास होतो, एवढ्यासाठी नळी ठेवायची नसते.

नळी आहे तोवर पिशवी कमरेच्या खाली, पलंगाच्या हुकाला टांगलेली हवी. जमिनीला टेकता कामा नये. पेशंटची कूस बदलली की नळी दुमडली नाही ना, ते बघा. हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. पिशवी भरत आली की सिस्टरला सांगा. रिकामी करायचं भांडं प्रत्येक पेशंटचं वेगळं हवं, आणि पिशवीची तोटी भांड्याला लागू देऊ नये.

पाकीच्या काळजीने काही घरांत नळी आणि पिशवीचा जोड सोडून धुतात. हे अजिबात करू नका, जंतू तिथूनच शिरतात. बाहेरून साधा साबण-पाणी पुरे, डेटॉल नको. नमाजचा मसला इमामसाहेबांना विचारा, जोड मात्र बंदच राहू द्या.

इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक मागू नका. लघवी गढूळ दिसली म्हणजे इन्फेक्शन झालंच असंही नाही. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, लघवीत रक्त यांपैकी काही दिसलं तर लगेच सांगा. म्हातारी माणसं कधी कधी अचानक बरळायला लागतात. "वयच झालंय" म्हणून ते सोडून देऊ नका.