उष्ण सागर आणि प्रचंड वादळें

मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर आकापुल्को नांवाचें बंदर आहे. ता. २४ ऑक्टोबर २०२३ रोजीं सकाळीं तेथून दूर समुद्रांत 'ओटिस' नांवाचें एक मध्यम वादळ होतें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांच्या आसपास. तें एवढें वाढेल असें कोणाही वेधशाळेस वाटलें नव्हतें. मध्यरात्र उलटतांच तेंच वादळ ताशीं २५० किलोमीटरांहून अधिक वेगानें शहरावर कोसळलें. सकाळीं ज्यांनीं नेहमींप्रमाणें दुकानें उघडलीं, त्यांस पळण्यास पुरता एक दिवसही मिळाला नाहीं.

हें बळ एका दिवसांत आलें कोठून?

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार कां होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. झिरपलेलें पाणी वाफ होतांना माठाची उष्णता घेऊन जातें. ती नाहींशी होत नाहीं. वाफेच्या पोटीं दडून राहते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. समुद्रावरची वाफ उंच जाऊन तिचे ढग बनले, कीं ही गुप्त उष्णता मोकळी होते. हवा तापून वर चढते, खालीं दाब उतरतो, व चहूंकडील ओलसर हवा तिकडे धांव घेते. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यानें ही हवा सरळ न जातां वळते, आणि भोंवरा तयार होतो. वारा वाढला कीं वाफ वाढते, वाफ वाढली कीं वारा. पाणी २६-२७ अंशांहून थंड असेल तर ही भट्टी सहसा पेटत नाहीं. (गालीलाच्या सरोवरावरील वादळ मुलांस पाठ आहे, पण तें निराळ्या जातीचें, डोंगरांवरून उतरणाऱ्या थंड वाऱ्याचें.)

या भट्टीस निसर्गानें एक लगामही दिला आहे. वादळ समुद्र घुसळतें, तळचें थंड पाणी वर येतें, आणि वादळ आपलीच चूल विझवूं लागतें. परंतु उष्ण पाण्याचा थर जाड असेल तर वर येणारें पाणीही उष्णच. मग लगाम तुटतो.

हा थर आज जाड होत आहे. कोळसा व तेल जाळून आपण जी उष्णता वातावरणांत कोंडली, तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानें पोटांत घेतला आहे. शिवाय हवा एक अंश तापली तर ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते; म्हणून पाऊसही मुसळधार. वादळांची एकूण संख्या वाढली, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. वाढलें आहे तें त्यांतील प्रचंड वादळांचें प्रमाण. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर भिंतीवरील त्याचा दाब चौपट होतो.

अरबी समुद्रही तापत आहे. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळानें श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळींच्या बागा उन्मळून टाकिल्या. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' गोवा-कोंकणाच्या किनाऱ्यालगत बळावत गुजराथेंत गेलें. आमच्या पालकांपैकीं ज्यांच्या घरचीं माणसें खोल समुद्रांत जातात, त्यांस ओटिसची गोष्ट कां सांगितली हें समजेल. दूर गेलेल्या बोटीस परतण्यास दिवस दोन दिवस लागतात, आणि ओटिसला वाढण्यास तेवढेही लागले नाहींत.