अठ्ठेचाळीस गुणांचा पुरावा

आज खेळाडूंच्या हृदयतपासणीच्या इटलीतल्या कायद्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण अमेरिकेतला कॉलेज-बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स याच्यावरचा लेख वाचून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. साताऱ्याच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी तो सर्वांत रोखठोक विचारला: हा मुलगा ९ डिसेंबर १९८९ला भर सामन्यात कोसळला, डॉक्टरांनी हृदयातला दोष शोधला, औषध दिलं, आणि तरीही ४ मार्च १९९०ला तो खेळता खेळताच गेला, मग ही शुद्ध बेपर्वाई नव्हे का? प्रश्नामागची चीड मला पटते, पण उत्तर पटत नाही. बेपर्वाई म्हटलं की एक दोषी सापडतो आणि प्रकरण मिटतं. त्या बारा आठवड्यांकडे नीट पाहिलं तर इशाऱ्याकडे कुणी पाठ फिरवलेली दिसत नाही. सगळ्यांनी तो ऐकला होता. मग तो दिवसागणिक थोडा थोडा पातळ होत गेला, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी दिलेलं कारण त्या क्षणी शहाणपणाचंच वाटत होतं.

आधी औषधाचं पाहू. गॅदर्सच्या तपासणीत श्रमानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून भलत्या वेगाने ठोके सुटतात असं दिसलं. वैद्यकात याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. त्याला इंडेरल हे बीटा-ब्लॉकर सुरू झालं. हे औषध अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरचा जोर कमी करतं, म्हणजे ठोका फार वर जाऊ देत नाही. पण त्याचा लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा संघ ज्या पद्धतीने खेळायचा तिचा सगळा प्राणच वेगात होता. चेंडू हाती आला की काही सेकंदांत बास्केटकडे फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याला धावून धावून दमवायचं. अशा खेळात ठोक्याला लगाम बसलेल्या खेळाडूचे पाय जड होणारच. आपला खेळ मंदावला अशी गॅदर्सची तक्रार होती आणि त्यानंतर औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. इथे एक विचित्र असमतोल आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे. औषधाचा तोटा रोज सरावात, गुणफलकावर, प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर दिसतो. औषधाचा फायदा म्हणजे न घडलेली घटना, आणि ती कुणालाच दिसत नाही. आदल्या हंगामात सरासरी ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड मिळवून दोन्हींत साऱ्या अमेरिकेत पहिला आलेला, फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतून वर आलेला, एनबीएच्या दारात उभा असलेला २३ वर्षांचा मुलगा या दोहोंपैकी कशाला किंमत देईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता गुणफलकाकडे येऊ. डिसेंबर संपायच्या आत गॅदर्स पुन्हा खेळू लागला होता. ३ फेब्रुवारी १९९०ला लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध, शकील ओनीलसारखा धिप्पाड खेळाडू समोर असताना, त्याने ४८ गुण केले. त्याचा संघ सामना १४८-१४१ असा हरला, पण त्या रात्री गॅदर्सच्या प्रकृतीबद्दल कोण शंका घेणार होतं? आजारी माणूस असा खेळतो का? इथेच साध्या विचाराची फसगत होते. ताप किंवा मुरगळलेला घोटा खेळात दिसतो. बरं वाटू लागणं हा तिथे खरोखर पुरावा असतो. हृदयाच्या विद्युत-दोषाचं तसं नाही. स्नायूत कुठे सूज आहे, कुठे व्रण आहे, आणि तिथून बिघडलेला ठोका सुटण्याची शक्यता प्रत्येक सामन्यात थोडीथोडकीच असते. त्यामुळे दहा सामने निर्विघ्न जाणं हे दोष असतानाही अगदी अपेक्षित आहे. झिजलेल्या दोराने दहा घागरी वर आल्या म्हणजे दोर धड आहे असं ठरत नाही. गॅदर्सच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा विकार आढळला. तो ४८ गुणांच्या रात्री नव्हता असं मानायला काही आधार नाही. हृदयस्नायूला सूज आल्याचं निदान झालं तर वैद्यकीय संकेत अनेक वर्षं तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवायला सांगत आले. तो अवधी खेळाडूला कसं वाटतं यावर ठरवलेला नव्हता, यातच त्याचं शहाणपण होतं.

तीन वर्षांनी बॉस्टनमध्ये हाच इशारा आणखी वेगळ्या रीतीने विरला. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा कर्णधार रेगी लुइस २९ एप्रिल १९९३ला शार्लटविरुद्धच्या सामन्यात धावता धावता कोसळला, आणि त्याच सामन्यात काही वेळाने परत खेळायलाही उतरला. संघाने बारा हृदयरोगतज्ज्ञ बसवले. त्यांनी हृदयस्नायूचा गंभीर विकार सांगितला. खेळ बहुधा संपला असा त्याचा अर्थ होता. लुइस रुग्णालय बदलून दुसरीकडे गेला. तिथलं निदान सौम्य निघालं: रक्तदाब आणि नाडी यांचं नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंची चूक, म्हणजे साधी भोवळ. २७ जुलैला ब्रँडाइस विद्यापीठात हलका सराव करताना तो गेला, वय २७. पुढे खटला झाला आणि २०००मध्ये ज्यूरीने त्या दुसऱ्या डॉक्टरांना निष्काळजीपणाच्या आरोपातून मुक्त केलं. म्हणून इथेही खलनायक शोधण्यात मला रस नाही. दुसरं मत घ्यावंच. पण एक मत आयुष्यभराचं काम हिरावून घेतं आणि दुसरं ते परत देतं, तेव्हा माणूस दोन मतांची तुलना करत नाही, तो सुटकेचा श्वास टाकतो. अशा वेळी दोन्ही निदानं समोरासमोर ठेवून त्यांतला विरोध मिटेपर्यंत खेळ थांबवणं एवढाच मार्ग उरतो, आणि तो निर्णय खेळाडूवर सोडणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो: भोवळ येणारे तरुण शेकड्यांनी असतात, बहुतेकांना काही नसतं, सगळ्यांना घरी बसवायचं का? अजिबात नाही. शर्यत संपवून थबकल्यावर पायांत रक्त साचून येणारी चक्कर बहुतेकदा निरुपद्रवी असते. धावता धावता शुद्ध हरपणं, कोसळण्याआधी छातीत धडधड होणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, ही वेगळी जात आहे. तिथे ईसीजी, इको आणि श्रमाची चाचणी होईपर्यंत मैदान बंद. काही आठवडे फुकट गेले तर गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सज्ञान माणसाला धोका पत्करायचा हक्क नाही का? गिर्यारोहकाला आपण अडवत नाही. अमेरिकेत निकोलस नॅप या तरुणाने नेमका हाच प्रश्न कोर्टात नेला. शाळेत असताना त्याचं हृदय बंद पडलं होतं, मग छातीत आयसीडी, म्हणजे बिघडलेला ठोका विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं उपकरण, बसवलं गेलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवली, पण बास्केटबॉल खेळू दिलं नाही. खालच्या कोर्टात तो जिंकला, १९९६मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. गंमत म्हणजे पुढचे पुरावे काही अंशी नॅपच्या बाजूचे निघाले: आयसीडी असलेल्या ३७२ खेळाडूंच्या २०१३च्या पाहणीत खेळताना एकही मृत्यू झाला नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये सामन्यात कोसळला, आयसीडी घेऊन सुमारे साडेआठ महिन्यांत इंग्लंडमध्ये पुन्हा खेळू लागला. तेव्हा हक्काचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण एरिक्सनने इशारा पूर्ण ऐकला, त्यावर उपाय केला आणि मग उरलेला धोका पत्करला. गॅदर्सने पत्करलेला धोका तोपर्यंत इतका पुसट झाला होता की आपण काय निवडतो आहोत हे त्याला दिसण्याची सोयच राहिली नव्हती. जे औषध त्याचं रक्षण करत होतं तेच त्याला अडथळा वाटत होतं, आणि त्याच्या भोवतालच्या कुणाचंही हित त्याला याच्या उलट सांगण्यात नव्हतं.

एरिक्सनला इंग्लंड का गाठावं लागलं, आपल्या क्लबमध्ये, मिलानच्या इंटरमध्येच का राहता आलं नाही, याचं उत्तर मात्र इटलीच्या कायद्यात आहे. तो कायदा, व्हेनेटो प्रांतातले आकडे आणि त्यांना इस्रायलमधून मिळालेलं आव्हान, पुढच्या आठवड्यात.