ऑफिसच्या भिंतीतली चोरवाट

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एखादी साइट उघडायला जावे आणि पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ उमटावे, तेव्हा ती साइट बंद पडलेली नसते. वाटेत तिला कुणीतरी अडवलेले असते. सगळ्यात साधी अडवणूक डीएनएसमध्ये होते. साइटचे नाव सांगितले की तिचा आकडी पत्ता देणारी ही नोंदवही. नको असलेल्या नावांचे पत्ते तिने द्यायचेच नाहीत, एवढी व्यवस्था केली की काम भागते. त्यापुढे फायरवॉल असते. कोणत्या पत्त्याशी आणि कोणत्या प्रकारची ये-जा चालली आहे ते ती पाहते. मोठ्या कंपन्यांत आणि बँकांत याशिवाय प्रॉक्सी असतो: कर्मचाऱ्याच्या वतीने तोच बाहेर जातो, पान आणतो, तपासतो आणि मग पुढे करतो.

लोकांनी कामाच्या वेळेत क्रिकेट पाहू नये म्हणून ही नाकाबंदी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. बाहेरून विषारी फाइल आत येऊ नये आणि आतली माहिती नकळत बाहेर जाऊ नये, ही खरी चिंता. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये सायबर हल्लेखोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. अशा घटनेनंतर बँकांनी दारे अधिक घट्ट लावली तर नवल नाही.

दार घट्ट झाले की फट शोधली जाते. कुणी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप ऑफिसच्या जाळ्याबाहेर नेतो. कुणी एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर वापरून घरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो. मोठी फाइल ऑफिसच्या मेलमधून जात नाही म्हणून ती स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर चढवणे, हाही त्याच जातीचा प्रकार. फक्त करणाऱ्याला तो पळवाट वाटत नाही. सगळ्यांत प्रसिद्ध उपाय मात्र व्हीपीएनचा. यात आपली मागणी, एखाद्या पत्रासारखी, दुसऱ्या एका बंद पाकिटात घालून मध्यस्थाकडे धाडली जाते. ऑफिसच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, फक्त मध्यस्थाचा पत्ता दिसतो. आतल्या पाकिटावर कुणाचे नाव आहे ते दिसत नाही.

दिसत नाही, पण कळते. कारण एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच अनोळखी पत्त्याशी, तेही पूर्णपणे कुलूपबंद भाषेत बोलतो आहे, ही गोष्ट नोंदीत उठून दिसते. शिवाय व्हीपीएन सेवांच्या पत्त्यांच्या याद्या फायरवॉल बनवणाऱ्यांकडे असतातच. लॅपटॉप कंपनीचा असेल तर लपवाछपवीला फारसा अर्थ उरत नाही. त्यात बसवलेले देखरेखीचे सॉफ्टवेअर माहिती पाकिटात जाण्याआधीच पाहू शकते, आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवर गेला तरी ते झोपत नाही. कंपनीचे स्वतःचे प्रमाणपत्र त्या लॅपटॉपवर असले, तर प्रॉक्सी एचटीटीपीएसचे पाकीटही उघडून, वाचून, पुन्हा चिकटवू शकतो. ‘इनकॉग्निटो’ खिडकीचा येथे काहीच उपयोग नाही. ती फक्त त्या ब्राउझरमध्ये इतिहास ठेवत नाही. या नोंदी लवकर पुसल्याही जात नाहीत. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात.

पण पकडले जाणे हा या प्रकरणातला लहान धोका. मोठा धोका मध्यस्थाचा. ऑफिसच्या पहारेकऱ्याला चुकवताना माणूस आपली सगळी डाक एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवतो, आणि तो ती फुकट का वाहतो आहे हे बहुधा विचारत नाही. होला या मोफत सेवेबद्दल २०१५मध्ये उघड झाले, की तिच्या वापरकर्त्यांचे कॉम्प्युटर इतरांच्या वाहतुकीसाठी बाहेर पडण्याचे दार म्हणून वापरले जात होते आणि ही सोय दुसऱ्या नावाने पैसे घेऊन विकलीही जात होती. असे काही ऑफिसात बसवले, तर कुठल्यातरी परक्याचे उद्योग ऑफिसच्या पत्त्यावर नोंदले जाणार. फेसबुकने २०१३मध्ये विकत घेतलेल्या ओनाव्होचे व्हीपीएन तर संरक्षणाच्या नावाखाली लोक कोणती ॲप किती वापरतात ते मालकाला कळवत होते. टीका वाढली आणि २०१९मध्ये ते बंद झाले.

पळवाट काढणारा दरवेळी नवखा, हौशी तरुण असतो असे नाही. अमेरिकी नौदलाच्या ‘मँचेस्टर’ या युद्धनौकेवर २०२३मध्ये जे घडले ते या विषयातले पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणावे असे आहे. मोहिमेवर असलेल्या जहाजावर इंटरनेट तुटपुंजे आणि नियंत्रित असते, कारण बाहेर जाणारा प्रत्येक संदेश जहाजाचा ठावठिकाणा सांगू शकतो. या नौकेवरच्या काही वरिष्ठ चीफ अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची तबकडी घेतली, ती उघड्या डेकवर बसवली आणि स्वतःपुरते वाय-फाय सुरू केले. त्याचे नाव ‘स्टिंकी’. हे नाव खलाशांच्या फोनवर दिसू लागले, कुजबूज झाली, कप्तानापर्यंत शंका पोहोचल्या. तेव्हा मुख्य सूत्रधार असलेल्या अधिकारी महिलेने असे काही असल्याचा सरळ इन्कार केला आणि नेटवर्कचे नाव बदलून एखाद्या प्रिंटरसारखे ठेवले. जहाजावर तसे वायरलेस प्रिंटरच नव्हते! ऑगस्टमध्ये अधिकृत उपग्रह यंत्रणा बसवायला आलेल्या एका मुलकी तंत्रज्ञाला ही तबकडी सापडली. सूत्रधार महिलेवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि तिची पदावनती झाली. इतर चीफ मंडळींवरही कारवाई झाली. नियम पाळून घेण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच हे केले होते.

जमिनीवरचा किस्साही कमी नाही. युक्रेनच्या दक्षिणेकडील अणुवीज केंद्रात जुलै २०१९मध्ये त्या देशाच्या सुरक्षा यंत्रणेने छापा घातला, तेव्हा क्रिप्टो चलन कमावण्याची यंत्रे कार्यालयीन इमारतीत चालू सापडली. त्यांच्यासाठी केंद्राचे जाळे इंटरनेटला जोडले गेले होते, म्हणून गोपनीय माहिती फुटल्याच्या संशयावरून चौकशी लागली. एकाच वेळी ऑफिसच्या केबलला आणि मोबाइल हॉटस्पॉटला जोडलेला लॅपटॉप छोट्या प्रमाणावर हेच करू शकतो: दोन जाळ्यांमधला तो पूल ठरतो, आणि पुलावरून दोन्ही बाजूंनी जाता येते.

कधी कधी नियम मोडल्याची जाणीवही नसते. इतर कंपन्यांची लॉग-इन सांभाळणाऱ्या ऑक्टा या कंपनीत २०२३मध्ये चोरी झाली. एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचे गूगल खाते उघडले होते आणि एका सेवा-खात्याचा पासवर्ड त्या वैयक्तिक खात्यात साठला होता. तिथूनच तो बाहेर गेला असावा, असा कंपनीचा निष्कर्ष. १३४ ग्राहक-कंपन्यांच्या फाइलींपर्यंत हल्लेखोर पोहोचले. ऑफिसच्या लॅपटॉपवर वैयक्तिक खाते चालू न देण्याचा जाचक वाटणारा नियम कंपनीने त्यानंतर केला.

भारतात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते चालवल्यास प्रश्न येतो तो नोकरीच्या कराराचा: ताकीद, चौकशी, प्रसंगी बडतर्फी. मात्र मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये शिरणे, त्यातून माहिती उचलणे किंवा त्यात विषाणू सोडणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३नुसार नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ लागते: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तर २०२२मध्येच बाहेरचे व्हीपीएन, परक्या क्लाउडवर सरकारी फाइली ठेवणे आणि दूरस्थ प्रवेशाची ॲप वापरणे टाळायला सांगितले गेले.

तरीही सगळा दोष पळवाट काढणाऱ्यावर टाकणे सोपे आणि चुकीचे आहे. अनेकांना क्रिकेट पाहायचे नसते, काम उरकायचे असते. डिझाइन करणाऱ्याला चित्रांची साइट बंद, प्रोग्रामरला कोडची साइट बंद, आणि आयटी विभागाकडे टाकलेल्या तिकिटाला आठवडाभर उत्तर नाही, अशा ठिकाणी फटी पडणारच. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक आहे. त्या कथेतले महाराज तिचा गौरव करतात आणि ती उतरली त्या जागी बुरूजही बांधतात. कर्मचारी कुठून आणि कशासाठी उतरतात, हे न विचारता नुसते बुरूज बांधणारी कंपनी पुढच्या फटीची वाट पाहत असते.

कर्मचाऱ्यासाठी उपाय रुक्ष आहेत. कामासाठी साइट हवी असेल तर कारण लिहून, वरिष्ठांची संमती जोडून अपवाद मागावा; बहुतेक फायरवॉलमध्ये एका माणसापुरती किंवा ठरावीक काळापुरती परवानगी देता येते. खासगी काम स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर करावे. त्या फोनवर ऑफिसची मेल घेतली असेल, तर ती घेताना कोणत्या परवानग्या दिल्या ते एकदा वाचून पाहावे. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर कंपनीचा ताबा साधारणपणे त्या कप्प्यापुरता राहतो. संपूर्ण फोनच कंपनीच्या व्यवस्थापनाखाली दिला असेल, तर तो दूरवरून पुसून टाकण्याचा अधिकारही सोबत गेलेला असतो.