दुधाच्या वहीची मागची पाने

आमच्या घरी दुधाच्या हिशेबाची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, कोपरे झिजलेली. पुढून उघडली तर महिनावार तारखा, लिटर, पैसे आणि मधूनमधून ‘आज दूध आले नाही’ असा रागाने ओढलेला शेरा. तीच वही उलटी धरून मागून उघडली, तर तेथे निराळाच हिशेब आहे. ‘रात्री पाऊस. पहाटे कडुनिंबाखाली सातभाईंचा कलकलाट. सात नव्हते, नऊ होते.’ किंवा ‘समोरच्यांच्या सीताफळाला डोळे पडले. मागून दोन आणली.’ या मागच्या पानांविषयीच मला आज वाचकांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

वही सुरू झाली ती काही सद्बुद्धीने नव्हे. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. म्हणजे आवाज होता, समज होती. पण हवा तो शब्द वेळेला सापडत नसे. आयुष्यभर बँकेत लाखालाखाच्या बेरजा तोंडी करणारा माणूस पाण्याचा पेला मागताना ‘ते... ते...’ म्हणून अडू लागला. निवृत्तीनंतर पुण्याला जाऊन राहावयाचे आमचे ठरले होते. ते राहिलेच. मुले दूर, नातेवाईक फोनवर, आणि मी दिवसातून दहा वेळा स्वतःशी म्हणत असे की हे आमच्याच वाट्याला का?

त्या दिवाळीला भाची आली. येताना तिने एक सुरेख रोजनिशी आणली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे, आणि प्रत्येक पानावर छापलेला प्रश्न : ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ त्याखाली तीन रिकाम्या ओळी. रोज तीन! जणू आयकराचे पत्रकच. भाची गुणाची आहे, तिचा हेतू चांगला होता, म्हणून तिच्यादेखत मी पहिले पान भरले. ‘घर आहे, मुले आहेत, देवाची कृपा आहे.’ लिहिताना आतून असा संताप आला म्हणता! ती गेल्यावर रोजनिशी कपाटात साड्यांखाली गेली. अजून तेथेच आहे.

मागची पाने आली ती औषधांमुळे. रक्तदाब आणि गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवा असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि हाताशी दुधाची वही होती. एकदा सकाळी गोळी देण्यासाठी गेले तर हे तोंड उघडीनात. डावा हात उचलून खिडकीकडे दाखवीत राहिले. ‘नी... नी...’ एवढेच. मला वाटले निळी चादर हवी आहे. चादर आणली, ती त्यांनी भिरकावली. मग मी वाकून बाहेर पाहिले. विजेच्या तारेवर एक पक्षी बसला होता. तपकिरी छाती, मान आखडून बसलेला, तसा सामान्यच. तो उडाला मात्र, आणि पंख उघडताच निळ्याचे दोन पट्टे असे काही लखलखले की मीच ओरडले, ‘नीळकंठ!’ ह्यांनी उशीवर डोके टाकले आणि हसले. आजारानंतर प्रथमच हसले. मी गोळीच्या वेळेपुढे लिहिले : ‘८.१०. नीळकंठ, तारेवर. शब्द अर्धा ह्यांचा, अर्धा माझा.’

ही आमची पहिली नोंद.

आता येथे थोडे गावाविषयी सांगितले पाहिजे. १९८४ साली लग्न होऊन मी पुण्याहून वाशिमला आले, तेव्हा हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. अकोल्याला गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात बसावे लागे, आणि त्या डब्याच्या खिडकीतून मी जे पाहिले ते काळी माती, बाभळी आणि पुन्हा काळी माती. पुढे चाळीस वर्षे मी पाहुण्यांना ठरलेली उत्तरे देत आले : हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याचा लेख आहे तो वराहदेव येथल्याच हरिषेण राजाचा मंत्री, हे बालाजीचे देऊळ, हे पद्मतीर्थ. पाहुणे माना डोलावीत. पण पद्मतीर्थाच्या काठावर कोणती झाडे आहेत असे कोणी विचारले असते, तर मला सांगता आले नसते. राजे ठाऊक होते, झाडे नव्हती.

एक गोष्ट तर मला गेल्याच वर्षी कळली. आपल्या तालुक्यातील काटा गावाजवळ काटेपूर्णा नदी उगम पावते. ती उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. याच तालुक्यातून निघणारी पूस मात्र पैनगंगेला जाते, आणि तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागरास पोचते. म्हणजे आमच्याकडे पडणाऱ्या पावसाचा एक थेंब पश्चिमेचा आणि शेजारचा थेंब पूर्वेचा! चाळीस वर्षे मी त्याच पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरत होते.

तुम्ही म्हणाल, हे निसर्गनिरीक्षण झाले, यात कृतज्ञता कोठे आली? मलाही तसे वाटले होते. मग मी दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा काढले. हे पुस्तक १९५६ सालचे. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यात झाडे, फुले, आकाश, पाखरे न्याहाळलेली आहेत. दुर्गाबाई संशोधनासाठी मध्य प्रदेशातील आदिवासी मुलखात हिंडत असता त्यांना विषबाधा झाली आणि पुढे कित्येक वर्षे त्या आजारी होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या घरात रुग्णशय्या आल्यावर मी ते पुस्तक निराळ्या डोळ्यांनी वाचले. आभार मानण्याचा उपदेश त्यात नाही. नुसते पाहणे आहे, पण असे पाहणे की ज्याच्याकडे पाहिले त्याचा मान राहावा. मला वाटते, पाहुण्याने ताटातला पदार्थ चवीने खाल्ला की यजमाणीला आभार वेगळे ऐकावे लागत नाहीत, तसेच काहीसे हे आहे.

दुसरे आठवतात ते मारुती चितमपल्ली. हा सोलापूरचा माणूस (जन्म १९३२) वनाधिकारी होऊन आमच्या विदर्भात आला आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे जन्म काढला. पाहिलेले आणि जाणत्या माणसांकडून ऐकलेले ते टिपून ठेवीत. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या माणसाकडून आपण जंगल शिकलो हे त्यांनी कधी लपविले नाही. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘जंगलाचं देणं’. काय नेमके नाव आहे! मराठीत देणे म्हणजे दिलेली वस्तूही आणि फेडावयाची बाकीही. वाण्याचे देणे असते तसे. बँकेतल्या माणसाच्या घरात हा अर्थ चटकन कळतो. ह्यांना मी तो समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने दोन बोटे दाखविली : जमा आणि नावे.

परदेशी पंडितांनीही याचा माग काढला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना त्यांनी दर आठवड्यास ज्यांबद्दल बरे वाटले अशा पाच गोष्टी लिहावयास सांगितल्या, काहींना पाच कटकटी, आणि काहींना नुसत्या घडलेल्या पाच गोष्टी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातील मुले अधिक समाधानी दिसली. माझ्या मनात भरला तो त्यांचा आणखी एक प्रयोग. स्नायू आणि मज्जातंतूंच्या विकाराने आजारी असलेल्या माणसांना त्यांनी एकवीस दिवस अशी नोंद करावयास लावले. त्यांची झोप सुधारली, आणि त्यांच्यातला फरक जोडीदारांनाही जाणवला. मात्र नंतरच्या पाहण्यांत हा लाभ बेताचाच आढळला, हेही सांगितले पाहिजे. वहीने पक्षाघात बरा होत नाही. आमच्याकडे झाला नाही. व्यायाम करवून घेणारा मुलगा येत असे, त्याच्या घामाने जे झाले ते झाले.

आणि आता, जे सांगितल्यावाचून हा लेख खोटा ठरेल, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात परतीचा पाऊस तीन दिवस बसला. मी खिडकीपाशी वही घेऊन लिहिले : ‘हवेत गारवा. कडुनिंब धुऊन निघाला. मातीचा वास.’ लिहून स्वतःवर खूष होते. दुपारी आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई आली, ती चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली. तिच्या घरचे दोन एकरांचे वावर आहे. सोयाबीन कापून सुडी लावलेली होती, तिच्यात पाणी शिरले होते. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटू लागले होते. सोयाबीन म्हणजे या जिल्ह्यात वर्षाची मिळकत. त्यावर उधारी, मुलांच्या फिया, दिवाळी, सगळे. तिने वहीकडे पाहिले. मी काय लिहिते हे तिला ठाऊक होते. पाखरांची नावे तीच तर मला सांगत असे.

‘काकू, पान्याचं काय लिवलं?’

मी वाचून दाखविले नाही. ती म्हणाली, ‘आमची सुडी भिजली, थे बी लिवा मंग.’

मी लिहिले. गारव्याची ओळ खोडली नाही, कारण गारवा होताच. पण तिच्याखाली लिहिले : ‘त्याच पावसाने दोन एकर सोयाबीन गेले.’ त्या दिवसापासून एक नियम झाला की वहीत गोड तेवढेच घालावयाचे नाही. ज्याची सुडी भिजली त्याला ‘असेल त्यात समाधान मानावे’ असे सांगणारा मनुष्य मला निर्दय वाटतो, मग तो कितीही सोनेरी अक्षरांत सांगो. त्याला पंचनामा हवा, भरपाई हवी, उसने पैसे हवेत. आम्ही दिले ते थोडेच होते.

आणि गंमत पाहा, कृतज्ञता म्हणजे काय हे मी शिकले ते त्याच बाईकडून. तिच्या घरची बैलजोडी तीन वर्षांपूर्वी विकली. पोळ्याला आता मातीचे बैल पूजतात. पण आदल्या संध्याकाळी ती शेजाऱ्याच्या गोठ्यात जाते, त्याच्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळते आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देऊन येते. मी विचारले, बैल त्यांचे, तू कशाला? तर म्हणाली, ‘आमचं वावर यानंच तर वाह्यलं.’ तिला वही लागत नाही.

मला लागते, कारण माझी सवय मोडलेली होती. कोणास अशी वही घालावयाची असेल तर माझा अनुभव एवढाच की मोघम लिहू नये. ‘निसर्ग सुंदर आहे’ हे वाक्य चार दिवसांत शिळे होते. ‘पोळीचा तुकडा नेणाऱ्या खारीने आधी मला पाहिले’ हे वर्षाने वाचले तरी ताजे राहते. नाव माहीत नसेल तर विचारावे. मी ज्याला टाकळा म्हणत होते त्याला इकडे तरोटा म्हणतात, आणि त्याची कोवळी भाजी करतात, हे विचारल्यामुळेच कळले. माणसांचीही नोंद असावी : औषध संपले असता रात्री दुकान उघडणाऱ्याची, जिना चढताना पिशवी घेणाऱ्या पोराची. आणि रोजच लिहिले पाहिजे असे मुळीच नाही. आमच्या वहीत मे महिन्याची पाने जवळजवळ कोरी आहेत. ४३ अंशांत कोणाचे आभार मानावयाचे? एकदाच लिहिले आहे : ‘गुलमोहर. डोळ्यांना त्रास.’

पलीकडे कारंज्याजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे, २००० साली झालेले. गेल्या हिवाळ्यात गाडी करून ह्यांना तेथे नेले. गवताळ माळ, लांबवर काळविटांचा कळप, काळे नर आणि तांबूस माद्या. मी भरभरून बोलत होते, हे गप्प. परतताना घराजवळ आल्यावर ते अगदी स्पष्ट म्हणाले, ‘चहा.’ त्या दिवसाची नोंद तेवढीच आहे.

वर्षावर वर्ष साठले की अशा वहीला आणखी एक रंग चढतो. ती साक्षीदार होते. मागच्या साली धोबी पक्षी, तो शेपटी खालीवर करीत चालणारा थंडीचा पाहुणा, आमच्या अंगणात ७ ऑक्टोबरला आला होता. यंदा मला तो दिसला ११ तारखेला, आणि मी तसे लिहिले. हे मानेनेच नाही म्हणाले. मी दूध तापवीत असताना तो दोन दिवस आधी येऊन गेला, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, साक्षीदार कोण? तुम्ही बँकेत पावतीशिवाय कधी रक्कम लिहून घेतली होती का? यावर ते इतके रागावले की पेन्सिल मागून घेतली, वही मांडीवर ओढली आणि डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून, खोडून पुन्हा काढीत ‘९’ असा आकडा लिहिला. तो उलटा आला आहे. मी तसाच ठेवला. मात्र शेजारी कंसात माझे ११ लिहिले आहेतच.