डीपीचा गुणगुणाट, मिलची धडधड: यातून गाणं कसं बनतं?

भंडारा जिल्ह्यातलं दिघोरी धानाच्या पट्ट्यात येतं. धान निघालं की मळणी मशीनची घरघर, राईस मिलची धडधड, ट्रॅक्टरच्या फेऱ्या हे या पट्ट्यात रोजचंच. कुणी त्याला संगीत म्हणत नाही. पण असेच आवाज रेकॉर्ड करून, कापून, जोडून रचना करण्याचा प्रकार पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे. आणि त्यासाठी लागणारं यंत्र आता बहुतेकांच्या खिशात असतं.

सुरुवात कुठे झाली?

1948 मध्ये, पॅरिसला. फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफरनं बातिन्योल स्टेशनवर जाऊन रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातून एक रचना बनवली. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडिओवर वाजली. तो तबकड्यांवर काम करायचा. ग्रामोफोनची सुई अडकली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि ऐकणारा वैतागतो. शेफरनं मुद्दाम तशी अडकणारी तबकडी केली. आज ॲपमध्ये दिसणारं 'लूप' बटण म्हणजे तीच अडकलेली सुई!

आपल्याकडे कुणी केलंय?

स्नेहा खानवलकर. 'गँग्ज ऑफ वासेपूर'ची संगीतकार, इंदूरच्या मराठी घरातली. 2012 मध्ये एमटीव्हीवर तिचा 'साउंड ट्रिपिन' हा कार्यक्रम आला. एखाद्या ठिकाणी जायचं, तिथले आवाज गोळा करायचे आणि त्यातून गाणं उभं करायचं, असा त्याचा साचा. धारावीच्या भागात भंगारकामाचे आवाज होते. पंजाबात किला रायपूरला ग्रामीण खेळांच्या मैदानावरचे आवाज घेऊन 'टुंग टुंग' झालं. ते गायलं नूरां सिस्टर्सनी. पुढे 2014 मध्ये 'हायवे'मधल्या 'पटाखा गुड्डी'मुळे त्या घराघरांत पोहोचल्या.

पण आवाजाचा सूर कसा होतो?

रेकॉर्डिंग निम्म्या वेगानं वाजवलं की आवाज बरोबर एक सप्तक खाली जातो. दुप्पट वेगानं वाजवलं की एक सप्तक वर. म्हणजे पातेल्यावर चमचा एकदाच आपटून पूर्ण सरगम बनवता येते. लोखंडी दाराची करकर सावकाश केली की ती ओळखूही येत नाही.

काही आवाज तर आधीच सुरात असतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गावाबाहेरची डीपी साधारण 100 हर्ट्झला गुणगुणते. हार्मोनियमवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच 98 हर्ट्झच्या आसपास येते. थोडक्यात, डीपी जवळपास पांढरी पाचचा तंबोरा आहे. (रेकॉर्डिंग लांबूनच करायचं, कुंपणाच्या आत जायचं नाही.)

मिलची धडधड मात्र सूर म्हणून फारशी कामाची नाही, ती ठेका म्हणून वापरायची. दोन-तीन सेकंदांचा स्वच्छ तुकडा पुरतो. मोबाइलवर वारा लागला तर 'भुरभुर' येते आणि ती नंतर काढणं कठीण, म्हणून भिंतीचा आडोसा बरा.

मग हा आवाज कुणाचा?

रील करणारे इथेच चुकतात. मिलच्या किंवा डीपीच्या आवाजावर कुणाची मालकी नसते. तो तुम्ही रेकॉर्ड केला की ते रेकॉर्डिंग तुमचं. दुसऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग उचललं तर मात्र प्रश्न येतो, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर 60 वर्षं संरक्षण आहे.

माणसाच्या गळ्याचं गणित वेगळं आहे. खडी गंमतचा शाहीर गात असताना तुम्ही मोबाइल धरला, तर त्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क असतो, तोही 50 वर्षं. त्याला आधी विचारावं लागतं. 'कलाकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या बरीच मोठी आहे. गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी आणि गारुडीही तिच्यात येतात. त्यासाठी त्याचा अल्बम निघालेला असण्याची गरज नाही. त्यामुळे मिलच्या ठेक्यावर गावातल्या कुणाचा आवाज लावणार असाल, तर पोस्ट करण्याआधी परवानगी घ्या आणि कॅप्शनमध्ये नाव टाका.